आधी पिशवी ओता

डोंबिवलीत आमच्या सरांच्या दुकानात साधी डोकेदुखीची गोळी घ्यायला जायचं म्हणजे पासपोर्ट काढायला गेल्यासारखं होतं. नाव, वय, बिल्डिंग आणि मग तो प्रश्न.

"आणि काय घेता?"

"काही नाही हो."

सर चष्म्यावरून बघायचे. "काहीच नाही?"

"नाही."

"बीपीची?"

"हां, ती आहे."

"मग काही नाही कसं?"

"अहो, ती रोजचीच आहे ना! ती काय औषधात धरायची?"

यावर सर माझ्याकडे वळून म्हणायचे, "ऐकलंस?" बारा वर्षं मी त्यांच्या काउंटरला फार्मसिस्ट म्हणून उभी होते, आणि बारा वर्षं मी ते ऐकलं. माणूस तीस वर्षं रोज सकाळी न चुकता एक गोळी घेतो आणि ती त्याच्या हिशेबी औषधच नसते. औषध म्हणजे काल सुरू झालेलं. जुनं झालं की ते दात घासण्यासारखं, ते कोण सांगत बसतंय!

काउंटरवर एक स्टीलची परात असायची. कणीक मळायची असते ना, तशीच. गिऱ्हाइकाने घरातली औषधांची पिशवी आणायची आणि त्या परातीत ओतायची. आधी पिशवी ओता, मग बोलू, हा सरांचा नियम. नवीन गिऱ्हाईक भडकायचं. "अहो, खोकल्याचं औषध मागतोय, झडती काय घेताय?" म्हणून पलीकडच्या दुकानात निघून जायचं. सर त्याला थांबवायचे नाहीत, फक्त जाता जाता हाक मारून सांगायचे, "तिथे घ्या, पण तिथे तरी सांगा हो काय काय घेता ते."

आणि परातीत काय काय पडायचं म्हणून सांगू! गोळ्या तर असायच्याच. शिवाय कारल्या-जांभळाची पावडर, कुणाच्या जावेने दिलेलं काढ्याचं चूर्ण, डोळ्यांचे थेंब, मुलाने परदेशातून पाठवलेल्या डबाभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, मेलेल्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या ("टाकवत नाहीत हो"), आणि हमखास, प्रत्येक दुसऱ्या पिशवीत, खडवलीची पुडी. खडवलीकडे कुणी एक जण गुडघ्यांचं औषध द्यायचा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी भुकटी. आठवड्यात म्हातारी माणसं जिने चढायला लागायची. सर त्या पुडीचा वास घ्यायचे, चिमूट तळहातावर घ्यायचे आणि त्यांचा पारा चढायचा.

"जडीबुटीने गुडघा आठ दिवसांत पळायला लागतो होय? यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार. साखर वाढेल, हाडं पोकळ होतील, आणि एकदम बंद केलंत तर आडवे व्हाल." असं म्हणून ते पुडी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. म्हातारे तोंड पाडून घरी जायचे आणि पुढच्या रविवारी दुसरी पुडी आणायचे. मला माहीत होतं. सरांनाही माहीत असणार.

दुकान ज्यांच्या चाळीत होतं ते दादा इथले जुने. कधीकाळी त्यांची भाताची खाचरं होती, आता त्याच जमिनीवर चार बिल्डिंगी उभ्या आहेत. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, आवाज असा की रस्त्यावरच्या रिक्षा थांबाव्यात. ते एकदा सर्दीचं औषध मागायला आले. सरांनी परात पुढे सरकवली.

"मना कनचीच गोली नाय!" दादा गरजले.

"शर्टाचा खिसा फुगलाय," सर म्हणाले.

खिशातून पाच पाकिटं निघाली. त्यातल्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध होतं, एक इथल्या डॉक्टरने दिलेली आणि एक ठाण्याच्या. दादा दोन महिने बीपीची गोळी दुप्पट घेत होते आणि सकाळी उठताना चक्कर का येते म्हणून देवाला नारळ फोडत होते. सर्दीचं म्हणून ते जे मागत होते, त्याने बीपी आणखी वरखाली झालं असतं ते वेगळंच. सर त्यांच्यावर इतके ओरडले, इतके ओरडले, की मला वाटलं आता गाळा खाली करावा लागतो. दादा खाली मान घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला पिशव्या घेऊन पाठवलं त्यांनी.

माझा पहिला दिवस मला नीट आठवतो. सर्टिफिकेटं दाखवायला मी फाइल उघडली, तर सर म्हणाले, "ते राहू दे. आज सकाळपासून तोंडात काय काय टाकलंस ते सांग." मी गोंधळले. चहा, पोळी, आणि रक्त कमी होतं म्हणून लोहाची गोळी. "गोळी कशाबरोबर?" मी म्हटलं, चहाबरोबर. सरांनी कपाळाला हात लावला. "चहा ते लोह अंगाला लागू देत नाही. डिप्लोमा कोणी दिला गं तुला?" मी रडकुंडीला आले. तर म्हणाले, "उद्यापासून ये. ज्याने स्वतः चूक केलीय तो दुसऱ्याला नीट विचारतो." पुढे हे वाक्य मला किती टोचणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

सरांकडे कॉम्प्युटर नव्हता असं नाही. होता, बिलं त्यावरच व्हायची. पण माणसांच्या औषधांची नोंद ते लग्नपत्रिकांच्या पाठीवर ठेवायचे. होय, लग्नपत्रिका. जाड कागद, एक बाजू कोरी, शंभर वर्षं टिकेल, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पत्रिका. पुढे गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मागे सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात साखरेची गोळी, थायरॉइडची गोळी, कशाची अॅलर्जी, कुठला डॉक्टर. लग्नाला गेले की यजमानांच्या कानात सांगायचे, "उरलेल्या पत्रिका फेकू नका हं, मी घेऊन जातो." माझ्या लग्नाच्या दोनशे उरलेल्या, कारण माझ्या सासूबाईंनी अख्ख्या कल्याण तालुक्याच्या हिशेबाने छापलेल्या. गुलाबी, कडेला मोर. कित्येक वर्षं डोंबिवलीचा मधुमेह माझ्या लग्नाच्या पाठीवर नोंदला जात होता.

पत्रिका बुटांच्या खोक्यांत लावलेल्या असायच्या, बिल्डिंगप्रमाणे. 'चंद्रिका'चं एक खोकं, 'अनुराधा'चं एक, 'गोकुळ'चं एक. मी म्हटलं, सर, आडनावाप्रमाणे लावू या का? "छे! इथे एका मजल्यावर तीन कुलकर्णी. शिवाय बायका लग्नानंतर आडनाव बदलतात. बिल्डिंग कुठे बदलते?"

डॉक्टरांना ते फोन करायचे हे तर प्रसिद्धच. आदबीने, पण सोडायचे नाहीत. "डॉक्टरसाहेब, तुमच्या पेशंटला तुम्ही बुरशीची गोळी लिहिलीत, उत्तम आहे, पण त्यांची हृदयाची गोळी चालू आहे आणि ही दोन्ही एकत्र चालत नाहीत, तुमच्या लक्षात असेलच." बरेच डॉक्टर बदलून द्यायचे. एक तरुण डॉक्टर मात्र वैतागून म्हणाला, "तुम्ही फार्मसिस्ट आहात की माझी सासू?" सर अगदी शांतपणे म्हणाले, "सासूही काय खाल्लं तेच विचारते हो." तो डॉक्टर पुढे स्वतःच्या वडिलांची पिशवी घेऊन आला, आणि परातीत त्याने ती स्वतः ओतली.

सगळ्यात जास्त चीड त्यांना कापलेल्या पाकिटांची. लोक गोळ्यांचं पाकीट कात्रीने कापतात. चार गोळ्या पर्समध्ये, दोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. कापताना नाव जातं, तारीख जाते, उरतो नुसता चंदेरी तुकडा. "हे काय आहे?" सर विचारायचे. "ती पांढरी हो, छोटी." "पांढऱ्या छोट्या हजार आहेत!" मग आम्ही दोघं तो तुकडा उलटा-सुलटा करून, कडेच्या अर्ध्या अक्षरावरून नाव शोधत बसायचो. त्यात मी त्यांच्याही पुढे गेले होते. चंदेरी कागदाची चमक आणि गोळीचा खळगा बघून मी नाव सांगायचे. सर खूश व्हायचे, पण दाखवायचे नाहीत. "बरं, बरं" एवढंच.

आता मला सांगायचंय ते सांगते. टाळत आले होते.

'चंद्रिका' रिडेव्हलपमेंटला गेली. मग 'अनुराधा'. डोंबिवलीत ही साथच आली होती. बिल्डिंग रिकामी, माणसं तीन वर्षांसाठी भाड्याने इकडे-तिकडे. सरांनी 'चंद्रिका'चं खोकं होतं तसंच ठेवलं. म्हणाले, "परत येणारच आहेत ना, वर टॉवर झाला तरी जागा तीच."

चंद्रिकेत सुमनताई राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, बोलायला गोड, हृदयाची झडप बदललेली. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. ती गोळी सर स्वतः दर महिन्याला पाकिटात घालून ठेवायचे आणि त्यांचा मुलगा ऑफिसातून येताना घेऊन जायचा. ते मुलाचं काम. सुमनताई दुकानात क्वचितच यायच्या.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी त्या आल्या. सर कामासाठी अंधेरीला गेलेले. दुकानात ही गर्दी, बाहेर ढोल, आणि मी एकटी. सुमनताई आता 'गोकुळ'मध्ये भाड्याने राहत होत्या. खांदा दुखतो म्हणून त्यांनी तिथल्या नव्या डॉक्टरला दाखवलं होतं, त्याची चिठ्ठी. दुखण्याची गोळी, दिवसातून दोनदा. मला माझ्या घरची आरास करायची होती, सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. मी विचारलं, "कुठे राहता आता?" त्या म्हणाल्या, "गोकुळला." मी 'गोकुळ'चं खोकं ओढलं, माझ्याच लग्नाची एक गुलाबी पत्रिका घेतली, त्यावर त्यांचं नाव आणि दुखण्याची गोळी लिहिली, पत्रिका खोक्यात टाकली. परात पुढे केली नाही. "आणि काय घेता?" हे विचारलं नाही. तीन शब्द होते हो. नाही विचारले.

महिन्याने त्या रिकामं पाकीट घेऊन आल्या. "बरं वाटतंय गं, तेच दे." मी तेच दिलं.

म्हणजे असं झालं. चंद्रिकेच्या खोक्यातल्या पत्रिकेवर रक्त पातळ करायची गोळी, गोकुळच्या खोक्यातल्या पत्रिकेवर पोटाला ओरखडे काढणारी दुखण्याची गोळी. बाई एकच. मुलगा एक गोळी नेतोय, आई दुसरी. आणि ज्या दुकानात सगळ्या गावाच्या पिशव्या ओतल्या जातात, तिथून त्या दोन्ही गेल्या.

सुमनताईंचा मुलगा एका दुपारी धावत आला. आईला रक्ताची उलटी झाली, आयसीयूत आहे, डॉक्टर म्हणतात सगळ्या औषधांची यादी आणा. सरांनी चंद्रिकेची पत्रिका काढली. "यात नवीन काही नाही. आणखी काय घेत होत्या?"

"खांद्याची गोळी काका. तुमच्याकडूनच."

"आमच्याकडून नाही," सर म्हणाले. ठामपणे म्हणाले. आणि मग माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं असावं, कारण ते गोकुळचं खोकं घेऊन बसले. गुलाबी पत्रिका निघाली. मुलगा दोन्ही घेऊन पळाला.

दुकानात आम्ही दोघंच. सरांनी विचारलं, "त्या आल्या तेव्हा पिशवी ओतली होती?"

"हो सर," मी म्हटलं. "ओतली होती. त्यात ती गोळी नव्हती."

का बोलले असं, मला आजही सांगता येत नाही. भीती होती, लाज होती. सरांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं एवढंच खरं. सर म्हणाले, "मग चूक माझी. खोक्यांची." आणि उठून हॉस्पिटलला गेले.

सुमनताई वाचल्या. सात दिवस आयसीयू, रक्ताच्या बाटल्या, पण वाचल्या. त्या घरी आल्यावर सर त्यांच्याकडे जाऊन हात जोडून आले, हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं. सरांनी मला काही सांगितलं नाही. फक्त पुढचा आठवडाभर ते मला 'अहो' म्हणत होते. "अहो, ती बाटली द्या." इतकी वर्षं अगंतुगं करणारा माणूस! मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना. मग सगळी खोकी जमिनीवर ओतून त्यांनी हजार-बाराशे पत्रिका पुन्हा लावायला घेतल्या, माणसाच्या स्वतःच्या नावाने. तीन महिने लागले. मी रोज समोर बसून मदत करत होते आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं. नाही सांगितलं.

त्यानंतरच कधीतरी सरांचं कळवा सुरू झालं. महिन्यातून एका गुरुवारी दुपारी दुकान माझ्यावर टाकून ते कळव्याला मित्राकडे जायचे. हा मित्र कुणी कधी बघितला नाही. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "सर, मित्र की मैत्रीण?" सर हसले नाहीत.

पुढे दादांची चाळच रिडेव्हलपमेंटला गेली आणि दुकान बंद झालं. सर ठाण्याला मेधाकडे, त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. सरांच्या मिसेस मी कामाला लागायच्या आधीच गेलेल्या, तेव्हा मेधाशिवाय त्यांना कुणी नाही. मीही ठाण्यातच एका मोठ्या औषधांच्या दुकानात लागले. एसी आहे, टोकन नंबर आहे, गिऱ्हाइकाला अमुक सेकंदांत सोडायचं असं तिथे आहे. परात नाही.

मागच्या वर्षी मेधाचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मी दुपारची सुट्टी टाकून हॉस्पिटलात गेलेले.

सर पलंगावर अगदी छोटे दिसत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? काय लावलंय बघ त्या बाटलीत." मी वाचून सांगितलं. दुखण्यासाठी जोरदार इंजेक्शन चालू होतं. "ठीक," म्हणाले. भूल देणाऱ्या डॉक्टर येऊन गेल्या होत्या, तरुण मुलगी, सगळं नीट विचारून गेलेली. मेधा म्हणाली, "बाबांना विचारत होत्या, कुठली औषधं चालू आहेत. बीपीची एक, बाकी काही नाही."

बाकी काही नाही.

मेधा पुढे म्हणाली, "सकाळपासून एकच लावलंय, घरून चष्म्याची केस आण, चष्म्याची केस आण. आणली बाई." तिने ती माझ्या हातात दिली आणि फोन आला म्हणून बाहेर गेली.

चष्मा सरांच्या नाकावर होता.

मी केस हलवली. आत खुळखुळलं. सर म्हणाले, "दे इकडे."

मी उघडली. आत चंदेरी तुकडे. कात्रीने कापलेले, नाव नाही, तारीख नाही. पण मला नाव लागत नव्हतं. चमक आणि खळगा बघून मी ओळखलं. झोपेची गोळी. आणि एक-दोन दिवसांच्या नव्हेत, तुकड्यांच्या कडा घासून मऊ झालेल्या, म्हणजे सवय जुनी.

"सर, हे काय आहे?"

"चष्म्याचं सामान."

"सर, पिशवी ओता."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "तुझं काम नाही ते. आता तू माझ्याकडे नोकरीला नाहीस."

मला इतका राग आला! ते इंजेक्शन श्वास मंद करतं आणि ही गोळीही श्वास मंद करते. दोन्ही एकत्र झाली तर माणूस झोपतो आणि उठायचाच राहतो, हे मला कोणी शिकवलं? याच माणसाने. आणि हा लपून उशीखाली ठेवून ती घेणार होता. एकदम बंद झाली असती तरी हातपाय थरथरून झटके आले असते, आणि डॉक्टर बिचारे वय झालं म्हणून सोडून देणार. मी सरळ जाऊन डॉक्टरांना सांगू शकत होते. पण किती घेतात, कधीपासून घेतात, आणखी काय घेतात, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत? आणि ते भिंतीकडे बघत होते. आमची सगळी गिऱ्हाइकं बघायची तशीच.

मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "सर, सुमनताई आल्या तेव्हा मी पिशवी ओतलीच नव्हती. विचारलंसुद्धा नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

सर म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सुमनताईंकडे गेलो तेव्हाच कळलं. मी म्हटलं, पिशवीत ती गोळी का नव्हती? त्या म्हणाल्या, कुठली पिशवी हो? मला कुणी काही विचारलंच नाही."

तो 'अहो'चा आठवडा मला आठवला. मला रडू फुटलं. वॉर्डातले दोन नातेवाईक वळून बघायला लागले, बघू देत. "मग बोलला का नाहीत मला? हाकलून का नाही दिलंत?"

"हाकललं असतं तर पलीकडच्या दुकानात लागली असतीस. तिथे पुन्हा कुणाला विचारलं नसतंस." सर भिंतीशीच बोलत होते. "आणि माझ्याकडे राहिलीस तर जन्मभर विचारशील, असं वाटलं. बरोबर वाटलं ना?"

मी एसी दुकानातल्या टोकन नंबरांबद्दल काही बोलले नाही.

"झोप तेव्हापासून गेली," ते म्हणाले. "त्या मुलाला मी सांगितलं ना, आमच्याकडून नाही. किती खात्रीने सांगितलं! डोळे मिटले की ते ऐकू यायचं. डॉक्टर मित्राने दहा दिवसांसाठी लिहून दिल्या. दहा दिवस संपले, गोळ्या नाही संपल्या."

"कळवा," मी म्हटलं.

"कळव्यात मला कोण ओळखतं? तो दुकानदार चांगला होता. काही विचारायचा नाही." मग पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. म्हातारा माणूस शरमतो तेव्हा बघवत नाही. "लिही."

माझ्याकडे कागद नव्हता. "पत्रिका नाही सर. आता सगळ्या मोबाईलवरच येतात."

"त्यांना पाठच नसते," सर म्हणाले. "एक्स-रेच्या पाकिटावर लिही."

मी पाकीट उलटं केलं आणि लिहिलं. झोपेची गोळी, ताकद किती, रोज किती, सहा-सात वर्षं, शेवटची परवा. बीपीची. मी वाचून दाखवलं. सर म्हणाले, "हं. दे डॉक्टरांना."

मी उठले, दारापर्यंत गेले. आणि तिथून परत आले. उगाच नाही, सवयीने.

"सर, आणि काय घेता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

सरांनी छताकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "गुडघ्याची."

"गुडघ्याची काय?"

"खडवलीची."

ज्या पुडीपायी त्यांनी अर्ध्या डोंबिवलीशी भांडण केलं, ती पुडी! "किती दिवस?"

"दीड वर्ष. मेधाच्या बिल्डिंगची लिफ्ट सारखी बंद असते गं." आणि मग जरा रागानेच, "गुडघा खरंच बरा होतो!"

हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. दीड वर्ष पोटात स्टेरॉइड आणि भूल देणाऱ्याला पत्ता नाही, तर टेबलावरच बीपी कोसळलं असतं. मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, केसमधले तुकडे मुठीत घेतले आणि धावत गेले. त्या तरुण डॉक्टरने सगळं वाचलं. मला म्हणाली, "हे त्यांनी मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "त्यांना वाटतं हे औषधात धरायचं नसतं." तिने तिथल्या तिथे चार फोन केले, इंजेक्शन बदललं, गोळी एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचं ठरवलं, ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललं. ते नीट झालं. सर आता वॉकर घेऊन मेधाच्या बिल्डिंगच्या खालच्या बाकापर्यंत जातात आणि तिथल्या म्हाताऱ्यांना छळतात.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी पाकीट देऊन परत आले तेव्हा मेधा आलेली होती, चष्म्याची रिकामी केस हातात घेऊन वडिलांकडे बघत बसलेली. सरांनी तिला सगळं सांगितलं होतं. मी निघते म्हणून पर्स उचलली.

"थांब," सर म्हणाले. "तू काय घेतेस?"

"मी? काही नाही सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पलंगावरचं जेवणाचं रिकामं ताट त्यांनी हाताने, दुखत असताना, माझ्यापुढे सरकवलं.

दिवसभर उभं राहून कंबर जाते म्हणून घेते ती, त्याने पोटात जळजळतं म्हणून घेते ती, थायरॉइडची, आणि तीन महिन्यांपासून सुरू झालेली, घरी कुणाला न सांगितलेली बीपीची. मी पर्सची चेन उघडली आणि ताटात ओतली.